रोज सकाळी लागणारा माणूस

प्रिय भिंगाबाई,

तुझ्या चष्म्याच्या दुकानातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग कशावर करावं, त्यासाठी मिळतो तो सुटा डबा घ्यावा की संगणकातच कार्ड बसवून घ्यावं, हे तू विचारलंस कुणाला? आयुष्यभर पोरांकडून धातुरूपं घोकून घेतलेल्या माणसाला! वर, "पंडित, मत नको, कारणं दे," असंही बजावलंस. तेव्हा शास्त्राप्रमाणे आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं.

समोरचा म्हणजे तुझा तो इंजिनिअर. तो म्हणतो, संगणक घ्या. आज चार कॅमेरे आहेत, उद्या जिन्यावर, मागच्या खोलीत आणखी लावता येतील. डिस्क भरली तर मोठी घालता येईल. फ्रेम कुणी खिशात टाकली ते चटकन शोधता येईल. सगळं खरं आहे. माणूस हुशार आहे, उंच आहे आणि त्याचे केस अजून जागच्या जागी आहेत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींचा रेकॉर्डिंगशी संबंध नाही, हे मला कळतं.

आता खंडन. त्याने तुझ्याकडे संगणक वापरून बघायला म्हणून ठेवलाय. तो रात्री आपणहून बंद होतो, आपणहून सुरू होतो, आणि रेकॉर्डिंग तेवढं सुरू करायचं विसरतो. मग रोज सकाळी कुणीतरी येऊन ते चालू करायचं. कुणीतरी म्हणजे तोच. आला की चहा, चहा झाला की गप्पा. सुटा डबा असा नाही गं. वीज जाऊन आली की मुकाट्याने कामाला लागतो. चार कॅमेऱ्यांपलीकडे त्याची धाव नाही, बिघडला तर अख्खा उचलून न्यावा लागतो, हे मान्य. पण त्याला रोज भेटायला कुणी यावं लागत नाही.

गेल्या शनिवारी तू गिऱ्हाइकात गुंतली होतीस आणि मला म्हणालीस, चित्र किती स्वच्छ येतं बघ. पडद्यावर आदल्या दिवशीची सकाळ होती. आवाज नाही. तो काहीतरी सांगतोय आणि तू चष्मा काढून, काउंटरला धरून हसते आहेस. चष्मा काढून हसताना मी तुला कॉलेजात पाहिलं होतं. पुढे तुझं लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, दुकान तू एकटीने उभं ठेवलंस. मी दर शनिवारी येत राहिलो, व्याकरणशुद्ध विनोद करत राहिलो. माझ्या विनोदांना तू हसायचीस, पण चष्मा नाकावरच असायचा. चित्र कसं आहे, असं तू विचारलंस. मी म्हटलं, जरा जास्तच स्वच्छ आहे.

तर सिद्धान्त असा, की संगणकच घे. दुकान वाढतंय, चार कॅमेरे पुरायचे नाहीत. मी डब्याची वकिली का करत होतो, ते तू केव्हाच ओळखलं असशील. फक्त रोज सकाळी ते रेकॉर्डिंग चालू करायचं काम मला दे. एवढं मागायलाच हे पत्र. कसं करायचं ते मी त्याच्याकडूनच शिकून घेतलंय. सज्जन माणूस, त्याला संशयसुद्धा आला नाही. माझी शाळा दुपारची असते. चहा बिनसाखरेचा चालेल. आणि तुझं उत्तर 'नाही' असेल, तर मात्र कृपा करून सुटा डबा घे.

तुझाच, आणि नुसता शनिवारपुरता नव्हे,
पंडित