कुकू ओरडायच्या आत

१५ मार्च १९८७, रविवार

ग्रासिएत आली ती कोटही न काढता ओट्याशी उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या, अबीलियूच्या पोटात अल्सर नाही, कॅन्सर आहे! डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. उन्हाळा काढला तर काढला, म्हणाले.

"त्याला एक शब्द बोललीस तर बघ, एर्मेलिंदा."

मी म्हटलं, पोट त्याचं, मरण त्याचं, आणि माहीत फक्त तुला नि मला? तर रडायला लागली. "मी एकटी कशी राहू गं? आधी आईकडे, मग ह्याच्याकडे. एक रात्र एकटी झोपले नाही." माझा ओव्हिदियू गेल्यापासून मी सहा वर्षं एकटी झोपतेय, ते हिच्या लक्षातही नाही. असा राग आला! मग तिला कॉफी करून दिली.

१७ मार्च

मूग गिळून बसले आहे.

२२ मार्च, रविवार

अबीलियूचा फोन. "यंदा लांप्रेया खायला जायचं की नाही? आमच्या राणीसाहेब म्हणतात, ईस्टरनंतर."

ईस्टरनंतर कसली लांप्रेया! नदीकाठावर कुकू पक्षी ओरडला की तो मासा संपला. मऊ पडतो, कुणी तोंड लावत नाही. हे ग्रासिएतलाही ठाऊक आहे. तिला भीती झुल्मिराबाईंची. त्यांच्या खाणावळीत आम्ही दरवर्षी जातो, आधी चौघं, माझा नवरा गेल्यापासून तिघं. आणि त्या बाईंच्या तोंडाला कुलूप नाही.

मी म्हटलं, जायचं. मागून ग्रासिएतचा आवाज ऐकू आला. ओरडू दे.

५ एप्रिल, रविवार. मेल्गासू

गाडी अबीलियूनेच चालवली. दोनदा थांबून झाडामागे ओकून आला. वळणांनी मळमळलं म्हणे. सरळसोट रस्ता!

झुल्मिराबाईंनी दारातच गालाला गाल लावले. "किती वाळलात हो!"

"डाएट चालू आहे त्यांचं," ग्रासिएत घाईघाईने म्हणाली.

"मग तुम्ही का नाही वाळलात?"

हसलो. हसावंच लागलं. अबीलियूने विचारलं, "कुकू ओरडला का?"

"परवा ओरडला, पण नदीपलीकडे. स्पेनचा कुकू आपल्याला लागू नाही. बसा."

मक्याचा पाव आला, ऑलिव्ह आले, पांढऱ्या वाडग्यांतून लाल वाईन आली. मग पातेलं. त्या माशाच्याच रक्तात शिजवलेला काळा भात. लांप्रेयाला जबडा नसतो, नुसतं दातांचं चोखणारं तोंड. जन्मभर दुसऱ्याचं रक्त पिते आणि शेवटी स्वतःच्या रक्तात शिजते. अबीलियूने दोनदा वाढून घेतलं. खाल्ला एक घास. बाकीचा भात ताटातच इकडून तिकडे सरकवत राहिला. ग्रासिएत न बघितल्यासारखं करून बघत होती.

आणि कुकू ओरडला. ह्याच काठावर, घरामागच्या झाडीत!

"मेल्या, जेवू तरी द्यायचंस त्यांना!" झुल्मिराबाई स्वयंपाकघरातून.

लहानपणी आम्ही मुली त्याला विचारायचो, लग्नाला किती वर्षं? जितक्यांदा ओरडेल तितकी. म्हातारे विचारतात, अजून किती जगणार. ग्रासिएत एकदम मोठमोठ्याने पडद्यांच्या कापडाबद्दल बोलायला लागली. पडद्यांच्या! अबीलियूने तिच्या हातावर हात ठेवला आणि खिडकीकडे वळून म्हणाला,

"कुकू, कुकू, माझ्यामागे ग्रासिएतला एकटीला किती वर्षं?"

देवाशप्पथ, मी सांगितलं नव्हतं.

आम्ही कान देऊन बसलो. कुकू गप्प. एकदासुद्धा नाही. भात गार झाला.

"गेला स्पेनला," झुल्मिराबाई दारातून म्हणाल्या. त्यांचाही आवाज उतरला होता.

ग्रासिएतने त्याच्या खांद्यावर बुक्की मारली. "कधीपासून माहीत आहे तुला? सांग ना!"

"तू माझ्याशी भांडायचं सोडलंस तेव्हापासून."

मग ती तिथेच, त्या पातेल्यासमोर, हमसाहमशी रडली. बरं झालं. फार बरं झालं.

६ एप्रिल

परतताना दोघं पुढच्या सीटवर सारखी भांडत होती, औषधांवरून. पेट्रोल भरायला तो उतरला तशी ग्रासिएत मागे वळली. डोळे चमकत होते. "अगं, कुकू गप्प बसला! एकही वर्ष एकटी नाही. म्हणजे हा राहतोय!"

मी म्हटलं, होय बाई.

१४ एप्रिल

सकाळी अबीलियूचा फोन. ग्रासिएत रात्री झोपेतच गेली. हृदय. कधी साधा दम लागला नव्हता तिला!

"एकही वर्ष नाही, एर्मेलिंदा. बरोबर सांगितलं कुकूने."

मग त्याने हळूच विचारलं, "एकट्याने कसं झोपतात गं?"