खुंटीवरची चावी

अलिबाग, रविवार रात्र

मघाशी नॉर्वेहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या डोक्यावर हिरवं आकाश हलत होतं. म्हणाली, “सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवाकडे वळतात. ते आदळले की हवा अशी उजळते. बाबांची सुई आज थरथरत असेल गं, आई.”

हे वेधशाळेत चुंबकसुई सांभाळायचे. आत लोखंड चालत नाही, म्हणून घराची चावीही खुंटीला अडकवून जायचे. संध्याकाळी कडी वाजली की दार मी उघडायचे.

“आता घर बंद कर आणि कायमची इकडे ये,” लेक म्हणाली. मी हो म्हणाले खरी. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, भुतंखेतं मानत नाही मी. पण हे गेल्यावरही चावी खुंटीलाच आहे. मी कुलूप लावून गेले, तर यांना दार कोण उघडेल?