मुलांची वाटणी होऊ नये म्हणून

मी, खाली सही करणारी, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारी, दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कुणाचंही दडपण नसताना लिहून ठेवते. उद्या आम्ही चौघं समुद्राकाठी सुटीला निघतोय. नवरा म्हणतो, "अगं, सहलीला चाललोय, लढाईवर नाही." तरी त्यानेही याच मजकुराचं स्वतःचं मृत्युपत्र केलं आहे, कारण माझे आई-वडील कसे गेले ते त्याला ठाऊक आहे.

तेही सहलीलाच गेले होते, दोघंच. मी दुसरीत होते, धाकटा भाऊ अजून शाळेत जायचा होता. आम्हाला शेजारी ठेवलं होतं. घाटात त्यांची गाडी दरीत गेली. मागे लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं, म्हणून नातेवाइकांनी आमच्याच बाहेरच्या खोलीत बसून ठरवलं. काका म्हणाले, "एकेक घेतलं की कुणावरच भार नाही." मी मावशीकडे गेले, धाकटा काकांकडे. त्याने माझा फ्रॉक मुठीत धरला होता. काकांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. पुढे घरही विकलं.

कलम एक. राहतं घर. हे तेच घर आहे. कमवायला लागल्यावर मी ते परत विकत घेतलं. आधीच्या मालकाने पडत्या भावात दिलं आणि जाताना म्हणाला, "दुपारचं कुणीतरी येतं हो इथे." खरं आहे. दाराला किल्ली फिरते, आत बॅग टेकल्याचा आवाज होतो, मग काही नाही. मी कुलूप बदललं, तरी आवाज जुन्याच कुलपाचा येतो. मुलांनाही ऐकू येतं. बोका, म्हणजे माझा मुलगा, एकदा पाण्याचा पेला घेऊन दाराशी उभा होता. घर दोन्ही मुलांचं, समसमान. ठेवावं की विकावं, त्यांची मर्जी. मात्र कुणाला बोलावून त्या आवाजाचा बंदोबस्त करू नये. ती आपलीच माणसं आहेत. त्यांना यायला उशीर झालाय, एवढंच.

कलम दोन. कामाची खोली, भट्टी, साचे आणि हत्यारं माझ्या भागीदारणीला. फळीवरच्या तयार कवळ्या ज्याच्या त्याला पोचवाव्यात; मी गेले म्हणून कुणी बिनदातांचं बसू नये. निवृत्त मास्तरांची कवळी तीनदा घासून दिली आहे. पुन्हा "टोचते" म्हणाले तर हात लावू नये, चहा पाजावा. त्यांना बोलायला कुणी नाही.

कलम तीन. बँकेतली शिल्लक आणि विम्याची रक्कम मुलांच्या शिक्षणाला. माझी आरामखुर्ची मावशीला. तिने मला वाढवलं, फक्त रडू दिलं नाही. काकांच्या मुलांना माझ्याकडून काही नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही, लक्षात ठेवून वगळलेलं आहे. हिशेब आणि अंमलबजावणी नणंदेने पाहावी, ती व्यवहाराला चोख आहे.

कलम चार. मुलं. आम्ही दोघंही परतलो नाही तर काय, हे विचारल्यावर नणंद मायेने म्हणाली, "चिमणी माझ्याकडे राहील, बोक्याला माझी आई बघेल." चिमणी म्हणजे आमची थोरली. माझ्या हातातली बशी सुटली. तिला कळेना काय चुकलं.

म्हणून मुलांचा पालक मी माझ्या धाकट्या भावाला नेमते. तो लिफ्ट दुरुस्त करतो, एकटा राहतो, क्वचित फोन करतो आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. काल मी त्याला बोलावून घेतलं.

"मला? मला पोरांतलं काय कळतं, ताई?"

"दोघांना एकत्र ठेवायचं. बाकी तू शिकशील."

त्याने भिंतीवरचं दिव्याचं बटण एकदा दाबून पाहिलं. मग म्हणाला, "झोपताना दिवा लागतो का त्यांना?"

"बोक्याला लागतो."

"चालू ठेवीन." आणि संमतीच्या कागदावर सही करताना, मान वर न करता, "मला लागायचा. काका बंद करायचे."

वरील सगळं वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून देणार: कवळीवाली, चिमणी-बोक्याची आई (सही)
पालकत्व मान्य: धाकटा भाऊ (सही)
साक्षीदार: १. घरच्या डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचे शिंपी (सही)
ठिकाण: राहतं घर
दिनांक: निघण्याच्या आदल्या दिवशीचा