गुरुवारची गरम भाकरी

गुरुवार, १२ जानेवारी १९३९. आखाडा बाळापूर

आज गरम भाकरी खाल्ली. तीही गुरुवारी! अजून खरं वाटत नाही.

आमची शाळा वर्गणीवर चालते. त्यामुळे आम्हा मास्तरांची जेवणं गावात वार लावून, रोज एका घरी. माझा गुरुवार मालकांकडे. शाळेची जागा त्यांचीच. आधी ओसरीवर ताटकळत बसायचं, आल्यागेल्यासमोर "हे आमच्या तुकड्यावरचे मास्तर" ऐकायचं, मग गार भाकरी. मी कुणाला बोललो नाही. जागा गेली तर पोरं बसवायची कुठे?

हेडमास्तर नानांनी मात्र ओळखलं. परवा म्हणाले, "मास्तर, गुरुवारी तिकडून आले की तुमी कुणाशी बोलत न्हाई. काहून?" सांगावंच लागलं.

आज दुपारी मला घेऊन नाना थेट मालकांच्या ओसरीवर. "मालक, आमचे मास्तर आजपासून शाळेतच रांधून खातील. द्यायची तर ज्वारी द्या, टोमणे नको."

"अन् जागा काढून घेतली तर?"

"झाडाखाली शिकवू."

मालक तोंड फिरवून आत निघून गेले. आता ते काय करतील? कळत नाही.

परत आल्यावर नानांनी शाळेमागे तीन दगड मांडले आणि स्वतः भाकरी थापली. एका बाजूनं करपलेली, दुसरीकडून कच्ची. पण गरम. पहिली माझ्या ताटात.

"मास्तर, अजून एक टाकू?"

गुरुवारी मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. पोट भरलं होतं, तरी व्हय म्हणालो.