आवाज तसाच ठेवल्याबद्दल

मी, थेट हनिन, वय ४७, माहितीपट काढणारी, हल्ली मुक्काम माए सोत, थायलंड, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. सीमेवरच्या नदीपलीकडे, माझ्या देशात असलेल्या माझ्या गावाचे नाव लिहीत नाही. कारण पुढे येईल. डॉक्टरांनी मार्चपर्यंतची मुदत दिली आहे. मुदतीत काम संपवण्याची मला सवय नाही, तरी हे वेळेत लिहिते आहे.

१. टायरच्या दुकानावरची खोली घरमालकीण पी नोई यांचीच आहे. दाराआड चार वर्षे भरून ठेवलेली बॅग माझी. परत जायचे म्हणून भरली होती. आतले कपडे आता मला होत नाहीत. ते पी नोईंच्या भाचीला द्यावेत.

२. महोत्सवात मिळालेले काचेचे बक्षीस पी नोईंकडेच राहावे. मोहरीच्या पाल्याचे लोणचे दाबायला त्या ते वापरतात. "वजनाला बरं आहे," म्हणाल्या. माझ्या कामावर इतका नेमका अभिप्राय दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

३. कॅमेरा व माइक ध्वनिमुद्रक को तुन लिन याला. त्याच्यावरचा राग मी मागे घेते, कारण त्याचेच बरोबर होते. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा माझी धाकटी बहीण सान यी (हे तिचे खरे नाव नव्हे, एवढे मी आता शिकले आहे) संपावरच्या शिक्षकांना स्वयंपाकघरात आसरा देत होती. मी ते चित्रित केले आणि सगळे चेहरे पुसट केले. को तुन लिन म्हणाला, "ताई, आवाजही बदलू का? दोन मिनिटांचं काम."

"नको रे. माणूस डब्यात बसून बोलतोय असं वाटतं."

वीस वर्षे शाळेत शिकवणाऱ्या बाईचा तो आवाज. ठाण्यातला हवालदार त्याच आवाजात पाढे शिकला होता. सान यी चौदा महिने तुरुंगात होती. सुटल्यावर तिने एकदाच फोन केला. "ताई, चेहरा छान लपवलास हं." त्यानंतर केला नाही.

४. गावाबाहेर मेलेल्याला आमच्याकडे गावात परत आणत नाहीत. या एका बाबतीत लष्कराचे आणि गावकऱ्यांचे एकमत आहे, तेव्हा परवानगीची खटपट करू नये. दहन इथेच करावे. मेल्यावर नदी ओलांडायच्या नावेचे भाडे म्हणून तोंडात नाणे ठेवाल, ते मात्र आपल्या देशाचे असावे. इथले ठेवलेत तर मी याच काठावर राहीन.

५. त्या स्वयंपाकघरातले चार तासांचे न कापलेले चित्रण एका डिस्कवर आहे. दुसरी प्रत नाही. ती डिस्क व चित्रपटाचे सर्व हक्क सान यीला. खरे नाव को तुन लिनला ठाऊक आहे. तिने ते दाखवावे, पुसावे किंवा चुलीत घालावे. कोणी कारण विचारू नये. मुलाखत तर मागूच नये. अगदी शेवटी, कॅमेरा बंद झाला असे समजून, ती मला विचारते, "ताई, जेवलीस का गं? की नुसती आमच्याकडे बघत बसलीस?"

या कलमाखाली मी "एवढे वाक्य तरी राखावे" असे लिहिले होते. को तुन लिनने वाचले आणि म्हणाला, "ताई, अजून संकलन चालूच आहे का?" ती ओळ मी साक्षीदारांसमक्ष खोडली असून शेजारी सही केली आहे.

साक्षीदारांना वाटा देऊ नये म्हणतात. माझ्याकडे दुसरी माणसे नाहीत.

सही: थेट हनिन
साक्षीदार: १. को तुन लिन २. पी नोई
माए सोत, ९ नोव्हेंबर २०२५