गालावरचे अकरा थर

नागपूर
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कुसुम,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझी रीना चित्र न्यायला येणार आहे. ते उघडल्याबरोबर तू फोन करशील आणि मी फोनवर काहीतरी खोटं सांगेन, म्हणून हे पत्र. चित्रातला तुझा डावा गाल बिघडला आहे.

बाकी ठीक. गुडघा दुखतो. संत्री यंदा आंबट.

दिवाळीत तू म्हणालीस, "ताई, भाऊजींनी काढलेलं माहं चित्र मले देऊन टाक ना वं. तू तं ते कपाटामागंच ठेवलं." खरं आहे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, चित्र तिथेच होतं. देण्याआधी साफ करावं म्हणून सदर बाजारात सुशीलकडे नेलं. तो जुनी चित्रं दुरुस्त करतो. सोबत ह्यांनीच काढलेलं माझंही नेलं.

त्याने दोन्ही दिव्याखाली धरली. तुझं लिननच्या चांगल्या कॅनव्हासवर. आधी राखाडी-हिरवट रंगात पूर्ण चेहरा, मग त्यावर काचेसारखे पातळ रंग, एक वाळला की दुसरा. "अकरा थर हायेत काकू. म्हणून तं कातडीतून उजेड येते."

एक थर वाळायला तीन आठवडे. मी गणित शिकवलं आहे. जवळपास आठ महिने. चाळीस वर्षांपूर्वी तू आमच्याकडे राहून कॉलेज करत होतीस, ते वर्ष. मी सकाळी सातला शाळेत जायचे.

माझं चित्र हार्डबोर्डवर. ओल्या रंगावर ओला रंग, दीड तासात उरकलेलं. मध्ये दोनदा मी कुकरसाठी उठले होते. सुशील म्हणाला, "कुठं खोडलं नाही का पुसलं नाही. पाठ असन त्यायले तुमचा चेहरा." त्याला वाटलं, मी खूश होईन. पाठ झालेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

तू एकदा हसत सांगितलं होतंस, "भाऊजी बोलतच नव्हते वं, मी बसल्या बसल्या झोपून जायची." बोलले असते तर मी विसरले असते. ते आठ महिने बघत होते.

घरी आणल्यावर मी ह्यांच्या बाटलीतलं टर्पेंटाइन घेऊन गाल पुसला. वाटलं, इतक्या वर्षांचा वाळलेला रंग काय निघणार! पण वरच्या थरांत राळ होती, ती सुटली. खालचा राखाडी चेहरा वर आला. त्यात तू थेट माझ्यासारखी दिसतेस. तेव्हा हात थांबला.

परत नेलं तर सुशील ओरडला, "हे कोनं घासलं काकू?" मी आमच्या कामवाल्या बायजाबाईचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगून आले. तो रंग भरून द्यायला तयार आहे. मी नको म्हटलं. चित्र तुझं आहे, तू ठरव.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच माफ करशील, आणि तेही मला सहन होणार नाही.

अजून म्हणणार असशील तर तुझी,
ताई

रविवार, ९ फेब्रुवारी. रीनाच्या हाती दिलं: कॅनव्हास एक, फ्रेमसह, चादरीत गुंडाळून. ह्यांच्या धोतराचा तुकडा एक, डबीत. त्यावर तुझ्या गालाचा रंग आहे. धुतलेला नाही.