दुकानदाराचीच वजनं

३ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. माझा उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझी वहिनी म्हणते, गुडघा अगदी तुमच्या वळणावर गेलाय, जरा चढ आला की तक्रार. तिच्या गॅलरीत कुंड्या इतक्या झाल्यात की कपडे वाळत घालायला मला गच्ची गाठावी लागते. तुझ्या शिवणाच्या दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हा मी दिलेलं ते भिंतीवरचं घड्याळ नीट चालतंय ना? सेल संपला असेल तर बदल. दुकानात थांबलेलं घड्याळ बरं दिसत नाही.

पत्र लिहिण्यास कारण की तुझं पत्र आलं. येऊन आठ दिवस झाले. फोन करणार होतो, पण फोनवर मला धड बोलता येत नाही हे तू जाणतेस. वजनमापं खात्यात तीस वर्षं अहवाल लिहून माझी जीभ कागदालाच सरावली आहे.

तू विचारतेस, "दादा, ही कंपनी खरी की खोटी ते एकदाचं सांग. नर्सबाई रोज दुकानात येऊन विचारतात."

असं बघ. कंपनीचा परवाना मी स्वतः पाहिला आहे. नंबर खरा, शिक्का खरा, मुदत संपलेली नाही. ऑफिस भाड्याचं असलं तरी आहे. खुर्च्या आहेत, पाण्याचं मशीन आहे, दारातली मुलगी नाव लिहून घेते. विम्याच्या आणि बचतीच्या योजनांचे कागद छापील आहेत. आता आधी आपण योजना घ्यायची, मग 'सल्लागार' व्हायचं आणि आपल्याखाली दुसऱ्यांना जोडायचं, ही त्यांची पद्धत. तू माझ्याखाली आलीस, तुझ्याखाली नर्सबाई धरून तुझ्या गिऱ्हाइकांतल्या नऊ जणी आल्या. एकाने दुसऱ्याला आणलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही. त्या नऊ जणींनी पहिल्या वर्षाचे हप्ते भरले आणि आता दुसऱ्या वर्षाचे त्यांना झेपत नाहीत, मध्येच सोडलं तर हाती जवळजवळ काही येत नाही, हे सगळं खरं. पण तसं कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. त्यामुळे एकदम खोटी असं म्हणता येणार नाही.

तेव्हा नर्सबाईंना म्हणावं, जरा धीर धरा, दादा चौकशी करतोय.

आणि हो, तुझ्या काउंटरच्या काचेखाली माझी ती चिठ्ठी अजून आहे का? 'मी पाहिलंय. हरकत नाही. दादा.' एवढीच ती. उन्हाने शाई उडाली असेल. काढून टाक, उगाच जुना कागद कशाला.

वहिनीने आठवण सांगितली आहे.

तुझा,
दादा


११ मार्च

प्रिय चिमे,

आशीर्वाद. गुडघा तसाच आहे.

तुझं पत्र काल मिळालं. नर्सबाई आल्या, अर्धवट शिवलेला कोट टाचण्यांसकट उचलून घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "राहू दे, टाके मी घरी घालीन." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तो कोट गेला याचं नव्हे. ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही असं तूच मला हसत सांगितलं होतंस, ती तुझ्या हातचे टाके नको म्हणते, याचं वाईट वाटलं.

आणि त्याखाली तू माझीच माफी मागतेस. "दादा, तुझ्या शब्दावर मी बायकांना आणलं आणि तुझं नाव खराब केलं. मीच घाई केली. चिठ्ठी मात्र काढणार नाही. कोणी अंगावर आलं की मी तिच्यावर बोट ठेवते आणि सांगते, आमच्या दादाने पाहिलं होतं, त्याने जन्मभर लोकांचे काटे तपासलेत."

चिमे, माफी मागू नकोस.

आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचे. दुकानदाराचा काटा तपासायला जाशील तेव्हा वजनं आपली न्यायची. तो चहा पाजील, खुर्ची पुसून देईल, "साहेब, आमचीच घ्या की, एवढी जड पेटी कशाला वाहता" म्हणेल. घ्यायची नाहीत. काटा खोटा असेल तर त्याने वजनंही त्याला साजेशीच ठेवलेली असतात, आणि दोन खोटी मिळून आकडा अगदी बरोबर दाखवतात. म्हणून मी ती लोखंडी वजनांची पेटी घेऊन वणवण हिंडायचो. लहानपणी तू ती उचलायला गेलीस आणि पायावर पाडून घेतलीस. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे ना?

या कंपनीच्या बाबतीत मी तीच पहिल्या दिवसाची चूक केली. मला तिथे नेलं ते टायवाल्याने. आमच्याच इमारतीत राहतो, भर उन्हाळ्यात गळ्यात टाय. परवाना दाखवला त्याने. योजना समजावली त्याने. 'समाधानी सभासद' म्हणून चार जण भेटवले तेही त्यानेच, आणि चौघेही त्याच्याच खाली जोडलेले. त्यांनी वाईट कशाला सांगावं? सगळी वजनं दुकानदाराची. मीही फसलो गं.

खरी-खोटी ओळखायची तर एवढंच विचारायला हवं होतं: ज्याला सल्लागार व्हायचं नाही, कोणाला जोडायचं नाही, असा एक तरी माणूस ही योजना केवळ चांगली आहे म्हणून घेतो का? एकही घेत नाही. म्हणजे कंपनीचा पैसा मालातून येत नाही, रोज नव्या गळाला लागणाऱ्या माणसातून येतो. कागद खरे आणि धंदा खोटा. आता नर्सबाईंना बेलाशक सांग. सांग की दादासुद्धा फसला.

तुझा फसलेला,
दादा


१९ मार्च

चिमे,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मागचं पत्र मी सवयीप्रमाणे आधी कच्चं लिहिलं होतं. पक्कं टपालात टाकून आलो, कच्चं टेबलावर राहिलं आणि तुझ्या वहिनीने वाचलं. तिने आधी कुंड्यांना पाणी घातलं, हात पुसले, मग माझ्या नाकावरचा चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हा कुठे केला होता?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "चौकातल्या बाईकडे."

"आणि ती काय म्हणाली होती?"

मी गप्प बसलो. आता तुझ्यापुढे गप्प बसत नाही.

गेल्या वर्षी तुझं पहिलं पत्र आलं, "दादा, टायवाले तुझं नाव सांगून माझ्याकडे आलेत, तू पाहून सांग, तू हो म्हणालास तरच मी घेईन." त्यानंतर चारच दिवसांनी, बारा जानेवारीला, आम्ही दोघं माझा चष्मा करायला गेलो. त्या बाईने पावत्या ठेवायला या कंपनीचं प्लास्टिकचं फोल्डर वापरलं होतं. मी सहज विचारलं, तुम्हीही सभासद का? ती हसली. म्हणाली, "होते, साहेब. योजना चांगली की वाईट ते मला आजही माहीत नाही, कारण योजना म्हणून ती कोणी घेतलीच नाही. बहिणीने माझ्या भिडेखातर घेतली, जाऊबाईंनी बहिणीच्या. नातेवाईक संपले तसा धंदा संपला. सगळ्यांचे हप्ते बुडाले. आता बहीण समोरून आली तर रस्ता ओलांडते."

ही बाई टायवाल्याने आणलेली नव्हती, चिमे. हे माझं स्वतःचं वजन होतं, माझ्या हाताने ठेवलेलं, आणि काटा साफ खोटा निघाला होता. तुझी वहिनी शेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, "चिमीला आजच कळवा." मी म्हणालो, "कळवतो."

एकोणीस जानेवारीला मी तुला कळवलं. मी पाहिलंय. हरकत नाही.

त्यातलं पहिलं वाक्य तर शब्दशः खरं होतं. हेच जास्त लागतं.

का केलं, ते सांगतो. ऐकून हसशील, हसलीस तर बरं वाटेल. निवृत्त झाल्यावर पंधराव्या दिवशी मी वाण्याकडे गेलो. त्याच्या काट्यावर माझाच शिक्का होता. पूर्वी मी दिसलो की तो गल्ला सोडून उठायचा. त्या दिवशी मान वर न करता म्हणाला, "काका, रांगेत या." बरोबरच होतं त्याचं. पण मला ते लागलं. मग टायवाल्याने मला सभेत नेलं आणि माईकवरून सांगितलं, "आज आपल्यात निरीक्षकसाहेब आहेत." दोनशे माणसं उठून उभी राहिली. म्हातारपणी हुरळलो. मेंढी लांडग्याच्या मागे हुरळून जाते तसा. महिनाअखेर तीन माणसं जोडली तर स्टेजवर पहिल्या रांगेत खुर्ची आणि कोटावर पितळी बिल्ला. दोघं झाले होते. एक शेजारी, एक जुना शिपाई. तिसरी तू.

पैशांचा मोह नव्हता असं मनाशी म्हणत राहिलो. पण तू आल्याबद्दल कंपनीने मला काही दिलंच. मला ते खिशात ठेवायची लाज वाटली, म्हणून मी त्यातून तुझ्या दुकानाला घड्याळ घेतलं. तू ते स्टुलावर चढून टांगलंस आणि येईल त्या बाईला सांगितलंस, दादाने दिलं. वर्षभर तू तुझ्याच हप्त्यातून आलेल्या घड्याळात वेळ बघतेस. मी सेल बदलायला सांगतोय.

आणि तू त्या नऊ जणींना माझी चिठ्ठी दाखवून आणशील हे मला ठाऊक नव्हतं, असंही म्हणणार नाही. ठाऊक होतं. आपण दोघं एकाच घरात वाढलो. आईने दादाचं ऐक म्हटलं की तू डोळे मिटून ऐकायचीस. कुंपणानेच शेत खाल्लं, चिमे, आणि वर मागच्या पत्रात शेताची समजूत काढायला आलं, की मलाही तुझ्यासारखंच नागवलं म्हणून.

वहिनीने शेवटी एवढंच सांगितलं, "मला वाटत होतं तुम्ही तिला कळवलंत आणि तरीही तिने हट्टाने घेतलं. वर्षभर मी तिच्यावर मनातून रागावलेय. तेही तुमच्या खात्यावर लिहा." लिहिलं. तिने तुला या वर्षभरात स्वतःहून एकही फोन केला नाही, त्याचं कारण मी आहे.

काल मी कंपनीच्या विरोधात लेखी तक्रार दिली. माझी डायरी जोडली. बारा जानेवारीची नोंद आहे त्यात. सवय जात नाही, चष्म्याच्या दुकानातलं संभाषणसुद्धा मी तारीख घालून टिपलं होतं. तक्रार घेणाऱ्या बाईंनी डायरी वाचून विचारलं, "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी होय म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे काय होईल, हप्त्यांतलं काही सुटेल की नाही, हे सांगता येत नाही आणि आता मी अंदाजाने काही सांगणार नाही. बिल्ला तक्रारीबरोबर दिला.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. तुला मी काम सांगावं असा माझा अधिकार उरलेला नाही, म्हणून विनंती समज.

चिठ्ठी काढ. मी पहिल्या पत्रात काढ म्हणालो होतो ते स्वतःला वाचवायला. आता म्हणतो ते तिच्या जागी हे पत्र ठेवावं म्हणून. सगळी पानं मावणार नाहीत, शेवटचं पान वर येईल असं ठेव. अक्षर त्यांच्या ओळखीचं झालेलं आहे, खात्री पटवावी लागणार नाही. कोणी अंगावर आलं की पूर्वीसारखंच बोट ठेव.

दुसरं, नर्सबाईंना हे तू वाचून दाखवू नकोस. तुझा आवाज भरून येईल आणि त्यांना वाटेल तू माझी बाजू घेतेस. त्यांच्या हातात दे. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मी येतो. तू नको म्हणालीस तर पायरीवर बसेन, पण त्या नऊ जणी येतील तेव्हा मी तिथे असेन. विचारतील त्याचं उत्तर देईन. कोणी खुर्ची दिली तर घेणार नाही.

घड्याळाचं काय करायचं ते तू ठरव.

पाहून गप्प बसलेला,
दादा